सॅक विकताना तिचं वजन सांगा आणि गिऱ्हाइकाची पाठ मोजा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी उरकली की आपल्या साताऱ्यात मुक्कामी ट्रेकचा सीझन चालू होतो, पाऊस गेलेला असतो, गडावरच्या टाक्यांना पाणी असतं, आणि शनिवारी दुपारी स्टँडवर बघाल तर कॉलेजची पोरंपोरी, नोकरदार मंडळी, हल्ली आमच्यासारख्या पन्नाशीकडं झुकलेल्या बायकासुद्धा सॅक पाठीला लावून वाई, मेढा, पाटण, दहिवडीच्या गाड्यांची वाट बघत उभ्या असतात. बघून फार बरं वाटतं. पण त्यातल्या बऱ्याच जणांच्या पाठीवर साठ-सत्तर लिटरचं धूड असतं, बाहेरनं कॅरीमॅट, म्हणजे झोपायची फोमची चटई, लोंबतेय, पातेलं लोंबतंय, चपला लोंबतायत, आणि जायचं कुठं तर चंदन-वंदनला एका रात्रीसाठी. चढ चालू झाला की अर्ध्या तासात ह्याच मंडळींचे खांदे भरून येतात, कोणाची मान धरते, कोण बसून राहतं, आणि घरी येऊन सांगतात की ट्रेकिंग आपल्याला झेपत नाही. झेपत नाही असं काही नसतं हो, सॅक चुकीची असते. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, पण सांभाळून घ्या.

आपल्याकडं सॅक घ्यायला गेलं की दुकानात पहिला प्रश्न लिटरचा होतो आणि दुसरा रंगाचा. "ताई, मोठीच घ्या, सगळं बसतंय, उद्या हिमालयात गेलात तर परत घ्यायला नको." असं म्हणून साठ लिटरची सॅक पुढ्यात ठेवतात. ती रिकामी असते, आत कागदाचे बोळे भरलेले असतात, पाठीला लावली की मऊ मऊ गाद्या लागतात आणि छान वाटतं. पण रिकाम्या सॅकचंच वजन किती, हे कुठंही लिहिलेलं नसतं, विचारलं तर दुकानदारालाही सांगता येत नाही. जाड फोमच्या गाद्या, दहा चेन, वरची टोपी, पोटाशी वेगळा कप्पा, आत धातूची फ्रेम, असं सगळं लावलेली मोठी सॅक रिकामीच दोन-अडीच किलोची भरते. म्हणजे पाण्याची बाटलीही टाकायच्या आधी अडीच किलो पाठीवर चढले. उलट पस्तीस-चाळीस लिटरची साधी, हलक्या बांधणीची सॅक किलोच्या आसपास मिळते, काही तर त्याहून कमी.

आता सामान खरंच किती होतं ते मांडून बघू. आपल्या भागात डिसेंबरात गडावर रात्री थंडी चांगली वाजते पण बर्फ पडत नाही, त्यामुळं साधी सिंथेटिक स्लीपिंग बॅग पुरते, ती सव्वा किलो धरा. कॅरीमॅट तीनशे ग्रॅम. दोघांत एक टेंट असेल तर प्रत्येकी सव्वा किलो. जॅकेट, कानटोपी, एक जोडी कपडे मिळून किलोभर. गॅसचा छोटा स्टोव्ह, डबी आणि पातेलं दोघांत वाटून घेतलं तर माणशी अर्धा किलो. टॉर्च, औषधं, पॉवरबँक अर्धा किलो. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, पिठल्याचं पीठ, चहा-साखर, गूळ मिळून किलोभर. पाणी तीन लिटर म्हणजे तीन किलो, तिथं काटकसर करायची नाही. बेरीज पावणेनऊ-नऊ किलोच्या आत येते. एक किलोची सॅक घेतली तर दहाच्या आत राहिलात, अडीच किलोची घेतली तर अकराच्या पुढं गेलात. ट्रेकिंगवाल्यांत सर्वसाधारण मानतात की पाठीवरचं एकूण ओझं अंगाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापुढं जाऊ नये, म्हणजे पंचावन्न किलोच्या बाईला अकरा किलो ही शेवटची रेघ झाली, आणि ती रेघ ओलांडायची की नाही हे नुसत्या रिकाम्या सॅकवर ठरतं.

आणि मोठ्या सॅकचा खरा त्रास पुढंच आहे. जागा दिसली की हात आपोआप भरत सुटतो. अजून एक स्वेटर टाक, ब्लूटूथचा स्पीकर टाक, बिस्किटाचे चार पुडे टाक, आईनं दिलेला लाडवाचा स्टीलचा डबा आहेच. सॅक छोटी असली की निवड करावीच लागते, आणि घरी निवड झाली की वर चढताना सोपं जातं.

शाळेच्या दप्तराबद्दल आपण पालक केवढं बोलतो. केंद्राच्या २०२० च्या स्कूल बॅग पॉलिसीत दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नसावं असं म्हटलंय, आणि त्यावर आपण पालक सभेत तावातावानं बोलतो, बरोबरच आहे ते. पण तीच मुलं अकरावी-बारावीत गेली आणि पहिल्यांदा मुक्कामी ट्रेकला निघाली की पाठीवर चौदा-पंधरा किलो चढवून आपण त्यांना हौसेनं टाटा करतो, तेव्हा कोणी काटा आणत नाही. उताराला गुडघ्यावर काय ताण येतो ह्याचा विचार तर त्याहून कमी होतो.

अमेरिकेतल्या एमा गेटवूड आजींचं उदाहरण मला फार आवडतं. १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी त्या अपलाचियन ट्रेल हा तीन हजार किलोमीटरपेक्षा लांबचा डोंगरी रस्ता एकट्यानं, एका दमात पूर्ण चालल्या, असं करणाऱ्या त्या पहिल्या बाई. पाठीला फ्रेमवाली सॅक नव्हती, स्वतः शिवलेली डेनिमची पिशवी एका खांद्यावर टाकून चालल्या, कारण सामानच एवढं थोडं होतं. आपण सगळ्यांनी पिशवी घेऊन निघावं असं माझं म्हणणं नाही, एका खांद्यावरचं ओझं कोणालाही चांगलं नाही. पण आधी सामान ठरवायचं, त्यावरून सॅक ठरवायची, हा क्रम त्या आजींच्या चालण्यात स्पष्ट दिसतो, आणि आपण नेमकं उलटं करतो, सॅक आधी आणतो आणि मग ती भरायला सामान शोधतो.

आता हलकी म्हणजे नुसती हलकीच घ्या असंही नाही, इथं आपल्या जिल्ह्याचा भूगोल बघावा लागतो. इंटरनेटवर बाहेरच्या देशातली मंडळी विनाफ्रेमच्या, अर्ध्या किलोच्या सॅक दाखवतात, पोरं त्या बघून हरखतात. त्यांच्याकडं वाटेवर ओढे असतात, एक लिटर पाणी घेऊन निघायचं आणि पुढं भरायचं. आपल्याकडं पश्चिमेला कमळगड, केंजळगडाच्या बाजूला नोव्हेंबर-डिसेंबरात वाटेवर, वाडीवर पाणी मिळून जातं, तिथं विनाफ्रेमची सॅक चालून जाते. पण पूर्वेला माण-खटावात वर्धनगड, महिमानगड, वारूगडाकडं निघालात, त्यातून फेब्रुवारी उजाडली असेल, तर पाणी खालनंच न्यावं लागतं, चार-पाच लिटर सहज. चार-पाच किलो नुसतं पाणी! विनाफ्रेमच्या सॅकला सात-आठ किलोपर्यंत ठीक असतं, त्याच्या पुढं ती मधे खचते आणि सगळा भार खांद्यावर लटकतो. त्यामुळं दोन्हीकडं फिरणाऱ्या माणसानं मधली गोष्ट घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे, पाठीला अॅल्युमिनियमच्या एक-दोन पट्ट्या असलेली, कंबरपट्टा खरोखर भार घेईल असा, पण बाकी फाफटपसारा नसलेली. पट्टी शंभर-दोनशे ग्रॅम वाढवते पण भार कमरेवर उतरवते, ते वजन वसूल आहे. आणि विनाफ्रेमची आधीच घेऊन ठेवली असेल तर कॅरीमॅट बाहेर न लोंबवता घडी घालून आत पाठीच्या बाजूला उभी लावा, सॅकला कणा येतो, शिवाय मॅट करवंदीच्या जाळीत अडकून फाटत नाही.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते मापाकडं. चप्पल घेताना नंबर बघतो, ब्लाउज शिवताना माप देतो, आणि दिवसभर दहा किलो पाठीवर घेणारी वस्तू मात्र फ्री साइज म्हणून घेतो. सॅकचं माप उंचीवर नसतं, पाठीच्या लांबीवर असतं. मान खाली वाकवली की मानेच्या मुळाशी एक हाड टोचल्यासारखं वर येतं, तिथं टेपचं टोक धरायचं. मग दोन्ही हात कमरेवर ठेवून कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपायचा, अंगठे मागं वळवायचे, दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ जिथं कण्यावर येते तिथपर्यंत मोजायचं. मोठ्या माणसांत हे साधारण चाळीस ते पन्नास सेंटिमीटरच्या दरम्यान येतं, पण एकाच उंचीच्या दोन बायकांत चार-पाच सेंटिमीटरचा फरक सहज निघतो. आमच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीची उंची चांगली पण पाठ आखूड, तिच्या नवऱ्याची सॅक लावली की कंबरपट्टा कमरेवर न येता मांड्यांच्या वर घसरायचा, आणि ती बिचारी सारखी सॅक वर उडवत चालायची. तिला मागचा भाग वर-खाली सरकवता येतो अशी सॅक मिळाली, आणि त्यानंतर तीच ग्रुपच्या पुढं असते.

बायकांनी तर हे नक्की बघावं. पुरुषांच्या सॅकचे खांद्याचे पट्टे सरळ आणि लांबलांब असतात, ते छातीवर काचतात नाहीतर खांद्यावरनं बाहेर सरकतात. बायकांसाठीच्या सॅकचे पट्टे वळणदार असतात, कंबरपट्टाही वेगळ्या कोनात शिवलेला असतो, हा नुसता गुलाबी रंगाचा मामला नाही. साताऱ्यात अशा सॅक ठेवा म्हटलं तर उत्तर येतं की लेडीज सॅकला गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईक आहे, आम्ही आहोत, पुण्याला जाऊन घेऊन येतो, त्यापेक्षा गावात मिळाली तर काय वाईट?

दुकानात सॅक बघायची ती कधीही रिकामी बघू नये. शेजारच्या किराणा दुकानातनं पाच-पाच किलोच्या तांदळाच्या दोन पिशव्या उसन्या आणा, सॅकमधे पाठीला चिकटून मधल्या उंचीवर बसवा, बाजूला टॉवेल कोंबा म्हणजे हलणार नाहीत. मग सगळे पट्टे सैल सोडून सॅक घाला. आधी कंबरपट्टा, तो बेंबीवर नाही, कमरेच्या हाडाच्या काठावर बसला पाहिजे, तो आवळा. मग खांद्याचे पट्टे खाली ओढा पण कमरेवरचा भार उचलला जाईल इतके नाही. मग खांद्याच्या वर जे छोटे पट्टे सॅकच्या डोक्याकडं जातात ते थोडे ओढा, सॅक पाठीकडं येते. सगळ्यात शेवटी छातीचा पट्टा, श्वास मोकळा राहील एवढाच. आता खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सरकवून बघा, सहज जात असतील तर भार कमरेवर आहे. असंच दहा-पंधरा मिनिटं चाला, जिना चढा, खाली वाकून बुटाची नाडी बांधा. दुकानदार वैतागला तर वैतागू दे. जिथं चालून बघू देत नाहीत तिथं घेऊच नये.

कापडाबद्दल थोडं. सॅकवर २१० डी, ४२० डी असं लिहिलेलं असतं ते डेनियर, नऊ हजार मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम तितके डेनियर. आकडा लहान तसं कापड हलकं आणि नाजूक. परदेशी हलक्या सॅकना सत्तर-शंभर डेनियरचं कापड असतं, कसलेल्या वाटांवर ते टिकतं, पण आपल्याकडं करवंदी, बोरी, घाणेरीच्या जाळ्यांतनं अंग चोरत जावं लागतं आणि बसायचं म्हटलं की सॅक काळ्या खडकावर घासतच टेकते. त्यामुळं अंगाला दोनशेच्या आसपास आणि बुडाला त्याहून जाड, आणि कापडात बारीक चौकटी दिसतात ते रिपस्टॉप विणीचं, म्हणजे फाटलं तरी फाटत पुढं जात नाही, असं बघावं. बाजूचे बाटलीचे खिसे जाळीचे असले की पहिले तेच फाटतात, मग बाटली दरीत. खिसे कापडीच घ्या. पट्टे जिथं अंगाला जोडलेत तिथं शिलाई उलटी करून बघा, आडवी दाट टाक्यांची शिलाई असली पाहिजे, एकेरी दोऱ्याची असेल तर ती सॅक खाली ठेवा. चेन जितक्या कमी तितकं बरं, वरनं गुंडाळून बंद होणाऱ्या सॅकला बिघडायलाच काही नसतं. बकल तुटलं म्हणून सॅक टाकू नका, बॅगा दुरुस्त करणारे कारागीर अजून आपल्या गावात आहेत, थोड्या पैशात बदलून देतात, फक्त बकलातनं जाणाऱ्या पट्ट्याची रुंदी मोजून सांगा.

आणि आपल्या प्रवासाची गोष्ट. आपण एसटीनं जातो नाहीतर मोटरसायकलवर. चाळीस लिटरची सॅक एसटीच्या वरच्या रॅकवर बसते, नाहीतर मांडीवर घेता येते, सत्तर लिटरची वाटेत ठेवावी लागते आणि कंडक्टर आणि म्हातारी माणसं दोघांची अडचण होते. मोटरसायकलवर मागं बसणाऱ्याची उंच सॅक सारखी मागं ओढते, वळणावर तोल जातो, यवतेश्वरच्या घाटात किंवा पसरणीच्या घाटात हे धोक्याचं आहे.

पावसाचं म्हणाल तर दुकानदार रेनकव्हर फुकट देतो आणि आपण खूश होतो. पठारावरच्या वाऱ्यात ते कव्हर फुगतं, उडून जातं, आणि उडालं नाही तरी पाठीकडनं पाणी आत शिरतंच कारण तो भाग उघडाच असतो. त्यापेक्षा जाड पॉलिथिनची मोठी पिशवी सॅकच्या आत घालायची, स्लीपिंग बॅग आणि कपडे तिच्यात, तोंड पिळून दुमडायचं, भिजायचं कारण नाही. पावसाळ्यानंतर सॅक ओलीच माळ्यावर टाकली तर कापडाच्या आतला पाणी अडवणारा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर चिकट होऊन पोपडे निघायला लागतात, घाण वास येतो, तो थर परत येत नाही. सावलीत, सगळे कप्पे उघडे ठेवून वाळवा, उन्हात नको, उन्हानं नायलॉन कुजतं.

मुक्कामाबद्दल एवढंच की हलकी सॅक आहे म्हणून कुठंही टेंट ठोकायचा नसतो. वासोटा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, बामणोलीहून लाँचनं जायचं आणि संध्याकाळच्या आत परत यायचं, तिथं मुक्काम नाही. कास पठारावर तर पायसुद्धा जपून टाकायचा. इतर ठिकाणी पायथ्याच्या गावात सांगून, विचारून राहावं. आणि चूल पेटवू नये, सुकल्या गवताला लागलेला वणवा अख्खा डोंगर काळा करतो हे आपण दर उन्हाळ्यात घराच्या गच्चीवरनं बघतो. म्हणूनच वर सामानात गॅसचा स्टोव्ह धरलाय.

संपादक महोदय, माझी मागणी साधी आहे. आपल्या जिल्ह्यातल्या सॅक विकणाऱ्या दुकानदारांनी प्रत्येक सॅकवर रिकाम्या सॅकचं वजन आणि ती किती ते किती सेंटिमीटर पाठीला बसते हे चिठ्ठीवर लिहून लावावं. एक टेप आणि पाच-पाच किलोच्या दोन वाळूच्या पिशव्या दुकानात ठेवाव्यात, खर्च काहीच नाही. ट्रेक नेणाऱ्या ग्रुपनी आणि कॉलेजांनी सामानाची यादी पाठवताना प्रत्येक वस्तूपुढं अंदाजे वजन लिहावं, "६० लिटरची सॅक आवश्यक" असं छापील वाक्य एका रात्रीच्या ट्रेकला तरी काढून टाकावं. ज्यांना वर्षातनं दोनदाच जायचंय त्यांच्यासाठी ग्रुपनी वेगवेगळ्या मापाच्या चार सॅक भाड्यानं ठेवल्या तर पोरांच्या आईबापांचे पैसेही वाचतील. आणि आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत गडकिल्ल्यांची माहिती दर आठवड्याला येते, ती आम्ही आवडीनं वाचतो, तिच्याबरोबर नोव्हेंबर ते फेब्रुवारी एक छोटी चौकट सामानाची द्यावी, त्या गडावर त्या महिन्यात पाणी आहे का आणि त्या हिशोबानं पाठीवर किती वजन होईल एवढी माहिती असली तरी पुष्कळ. चौकटीसाठी मजकूर लागला तर आमच्या ग्रुपमधल्या बायका आनंदानं लिहून देतील.

कळावे.

आपली नियमित वाचक,
शाहूपुरी, सातारा